काही नाही, शाळेचं सांगतेय

दर रविवारी दुपारी साडेतीनला नाथाभाऊ आहेर इस्त्रीचा शर्ट घालून नाशिकमध्ये इंदिरानगरच्या आपल्या घरात, स्वयंपाकघरात येऊन बसत. ओट्यावर तूरडाळीच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला असे. स्वीडनमध्ये तेव्हा सकाळचे अकरा वाजलेले असत आणि त्यांची मुलगी तेजस्विनी पडद्यावर येई. तिच्या मागून सहा वर्षांची नात सृष्टी येई, मोबाइलला नाक लावी आणि स्वीडिशमध्ये सलग दोन मिनिटं बोले. हात हलवून, डोळे मोठे करून, मध्येच दम खाऊन पुन्हा बोले. नाथाभाऊ पुढे सरकून ऐकत आणि मग विचारत, "काय म्हणतेय गं?"

"काही नाही, शाळेचं सांगतेय," तेजस्विनी म्हणे.

आता मला सांगा, दोन मिनिटांच्या बोलण्याचं भाषांतर चार शब्दांत होतं का? दुसरा कोणी आजोबा असता तर त्याने सोडून दिलं असतं. पण नाथाभाऊंची अख्खी नोकरी टेलिफोन खात्यात गेलेली. ट्रंककॉलच्या जमान्यात त्यांनी मनमाडचा माणूस मद्रासच्या माणसाला जोडून दिला होता. लाइन खराब असली की तिकडचं इकडे सांगायचं कामही केलं होतं, आणि एक शब्द कधी गाळला नव्हता.

"पोरगी एवढं घडाघडा बोलते आणि मधला ऑपरेटर सगळं गिळून टाकतो," ते बायकोला म्हणत.

"तुमचीच मुलगी आहे ऑपरेटर," सिंधुबाई म्हणत.

सृष्टीला मराठी कळत नव्हतं असं नाही. आजी काय विचारते ते तिला नीट समजे. उत्तर मात्र ती स्वीडिशमध्ये देई, कारण सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती शाळेत तेच बोलायची. म्हणजे नाथाभाऊंना बोलायची अडचण नव्हती, ऐकायची होती. आणि दोन वर्षं झाली, ते गुपचूप स्वीडिश शिकत होते.

भाषेचं हे वेड त्यांना मुलीपायीच लागलं. तेजस्विनी शिकायला इटलीत गेली तेव्हा त्यांनी गच्चीवरच्या खोलीत बसून मोबाइलवर इटालियनचे धडे गिरवले. बूर्रो म्हणजे लोणी, गाम्बा म्हणजे पाय. वर्षभरात जीभ जरा वळायला लागली, तोच तिला नोकरी लागली स्पेनमध्ये. नाथाभाऊ म्हणाले, हरकत नाही, शेजारचंच घर आहे. पहिल्याच फोनला त्यांनी ऐटीत विचारलं, पावाला बूर्रो लावून खातेस ना? तेजस्विनी हसून हसून खुर्चीवरून खाली आली. स्पेनमध्ये बूर्रो म्हणजे गाढव. पाय दुखतोय म्हणून सांगायला गेले, तर ती म्हणाली, "पप्पा, इथे गाम्बा म्हणजे कोळंबी. तुमची कोळंबी दुखतेय." आणि पुन्हा हसत सुटली.

ते हसणं नाथाभाऊंना इतकं आवडलं की त्यांनी एक वहीच सुरू केली. डावीकडे शब्द आणि पुढे देशांचे रकाने. तेजस्विनी स्वीडनला गेल्यावर आणखी एक रकाना वाढला. ग्लास, इंग्रजीत पाणी प्यायचा आणि स्वीडनमध्ये आइस्क्रीम. सेमेस्टर, इकडे परीक्षा आणि तिकडे चक्क सुट्टी. गिफ्ट, इंग्रजीत भेट, जर्मनीत विष आणि स्वीडनमध्ये विषही आणि लग्न झालेला माणूसही.

"स्वीडनवाल्यांना अनुभव दिसतोय," सिंधुबाई म्हणाल्या.

सगळ्यात लाडका शब्द होता बार्न. इंग्रजीत त्याचा अर्थ धान्य ठेवायचं कोठार. स्वीडिशमध्ये लेकरू. लिहितात बार्न, पण म्हणतात चक्क बाण, आपल्या ण सकट. युरोपात जाऊन आपला ण भेटावा याचं नाथाभाऊंना फार कौतुक वाटलं होतं. दर रविवारी वहीतला एक शब्द काढून ते मुलीला हसवत. पुढे पुढे ती हसायची, पण घड्याळाकडे बघत. मग लग्न झालं, सृष्टी झाली, फोन तासावरून पंधरा मिनिटांवर आला. आणि पाच वर्षं झाली, तिचं येणं झालं नव्हतं.

अशातच दिवाळीनंतरच्या एका रविवारी नाथाभाऊंच्या कानाला पहिली लाइन लागली. सृष्टीच्या त्या दोन मिनिटांतून त्यांना दोन शब्द स्वच्छ ऐकू आले. एक मम्मा आणि दुसरा ल्योक. ल्योक म्हणजे स्वीडिशमध्ये कांदा. कांदा पिकवणाऱ्या देवळ्याचा माणूस, त्याने भाज्यांच्या धड्यात दुसरं काय आधी पाठ करावं?

"अगं, कांद्याबद्दल बोलली ती," ते सिंधुबाईंच्या कानात म्हणाले. "रक्तात असतं. ल्योक म्हणाली."

"ल्योक म्हणजे मुलगा ना?"

"आपल्याकडे. तिकडे कांदा."

"मग फार फरक नाही," सिंधुबाई म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांत पाणी आणतात."

नाथाभाऊ आनंदाने पडद्याकडे वळले आणि "ल्योक, ल्योक, हो हो, लय ल्योक" म्हणून हसले. सृष्टी त्यांच्याकडे बघत राहिली. मग एकदम उठून गेली. तेजस्विनी म्हणाली, "काही नाही पप्पा, शाळेचं सांगतेय. भाज्या शिकवतायत." आणि नेटवर्क गेलं. नाथाभाऊंनी मात्र लगेच 'आहेर परिवार' ग्रुपवर टाकलं की आमची नात स्वीडनमध्ये बसून कांद्याची चौकशी करते. त्रेचाळीस जणांनी अंगठा दाखवला.

आणि डिसेंबरात तेजस्विनी येणार असं ठरलं. जावई ओमला रजा नव्हती, मायलेकीच येणार होत्या. आधी सासरी कोल्हापूर आणि मग एक शनिवार ते पुढचा शनिवार नाशिक. रविवारी पहाटे मुंबईला जाऊन विमान.

नाथाभाऊंना या आठ दिवसांत एकच गोष्ट हवी होती. एक तास. फक्त एक तास सृष्टी आणि आपण गच्चीवरच्या खोलीत बसायचं, ती बोलेल, आपण ऐकू, मध्ये कोणी नको. दोन वर्षांची मेहनत होती त्यामागे. सिंधुबाईंखेरीज हे कोणाला ठाऊक नव्हतं.

आल्या आल्या सृष्टीला घरात एकच वस्तू आवडली. जिन्याखाली एक जुना काळा टेलिफोन होता आणि तसाच दुसरा गच्चीवरच्या खोलीत. निवृत्त झाल्यावर नाथाभाऊंनी मध्ये वायर टाकून दोन्ही जोडले होते, म्हणजे चहा झाला की सिंधुबाईंनी जिना चढायला नको. वायरवाला फोन सृष्टीने जन्मात पाहिला नव्हता. तिने रिसीव्हर आधी उलटा धरला, मग सुलटा. नाथाभाऊंनी तिला गच्चीवर फोन कसा लावायचा ते दाखवलं आणि म्हणाले, "चल, वर चल, दुसरा दाखवतो."

"मी पण येते," तेजस्विनी म्हणाली आणि आलीच.

सृष्टी काही बोलली की तेजस्विनी मध्ये. "काही नाही पप्पा, फोन आवडला म्हणतेय." सृष्टी त्याच्या पाचपट बोलली होती. नाथाभाऊंनी विचार केला, आज पहिला दिवस, जाऊ दे. अजून सात दिवस आहेत.

संध्याकाळी चांदवडहून सिंधुबाईंच्या धाकट्या बहिणीचा, मंगलाबाईंचा फोन आला.

"दाजी, उद्या रविवार हाय. पोरीला घेऊन जेवायला या."

"जेवायला नको मंगल. लहान पोर, पोट नाजूक आहे तिचं. नुसतं चहाला येतो."

इथे नाथाभाऊ चुकले. युरोपातल्या सात-आठशे शब्दांचे दगेफटके वहीत लिहून ठेवणारा माणूस, पण "चहाला येतो" म्हणजे काय हे विसरला. जेवायला येतो म्हटलं असतं तर एक जेवण झालं असतं. चहाला येतो म्हटलं की समोरच्याला वाटतं, पाहुणा संकोचतोय, आपणच कमी पडलो. चांदवडला पुरणपोळीचा घाट होता, रशी होती, भजी होती, कुरडया होत्या. तेजस्विनीची ओटी भरली, साडी, खण, नारळ. सृष्टीला फ्रॉक आणि बांगड्या. तिला मधोमध बसवून पाच बायका "एकच घे गं" म्हणत होत्या आणि प्रत्येकीचं एकच वेगळं होतं. चहा शेवटी साडेपाचला आला. तोवर नाथाभाऊंना चहा सोडून सगळं प्यायची इच्छा झाली होती.

मंगलाबाईंनी पुरणपोळीचा घास तोंडात असलेला सृष्टीचा फोटो ग्रुपवर टाकला. नाथाभाऊ अजून चांदवडच्या टोलनाक्यावर पोचले नव्हते, तोच देवळ्याहून थोरल्या भावाचा, गोरक्षदादांचा फोन आला. आदल्याच दिवशी नाथाभाऊंनी त्यांना सांगितलं होतं की पोरीचं पोट नाजूक आहे, तेव्हा या खेपेला देवळा नको.

"काय रे नाथा," गोरक्षदादा म्हणाले, "चांदवडनी पुरणपोळी पोरले पचनी, आन् देवळानी बाधी का?"

"तसं नाही दादा. चहालाच गेलो होतो."

"मंग आम्हीबी चहालेच बोलावतस."

सोमवारी सकाळी सगळे देवळ्याला. खापरावरचे मांडे, शेवभाजी, वांग्याचं भरीत, आणि संध्याकाळी गाडीची किल्ली गोरक्षदादांनी आपल्या टोपीखाली ठेवून दिली. मुक्काम. खरा सोहळा मंगळवारी सकाळी होता. गोरक्षदादांनी सृष्टीला खांद्यावर घेतलं आणि थेट कांद्याच्या शेतात नेलं. ताजा लाल कांदा पातीसकट उपटला, मोठी जुडी केली, झटकली आणि तिच्या हातात दिली.

"ले माय. तू तठे मांगत व्हती ना?"

सृष्टीने कांद्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं, मग नाथाभाऊंकडे वळून ती स्वीडिशमध्ये भराभर काहीतरी बोलली. पुन्हा ल्योक होतं त्यात, दोनदा. पण वाऱ्यात आणि पंपाच्या आवाजात बाकी काही लागेना.

"आबा, हिला कांदा पाहिजे असं कोणी सांगितलं तुम्हाला?" तेजस्विनीने गोरक्षदादांना विचारलं. तिचा आवाज जरा वेगळा होता.

"नाथानेच तर ग्रुपवर टाकं व्हतं."

"पप्पा, तुम्हाला कुठून कळलं ती काय बोलते ते?"

"एक शब्द गं," नाथाभाऊ घाईघाईने म्हणाले. "वहीसाठी शोधला होता. कांद्याचा. बाकी बोललेलं कळत नाही. काय म्हणतेय आता?"

आता कांद्याच्या शेतात तेजस्विनी शाळा कुठून आणणार? "काही नाही," ती म्हणाली, "दमलीये."

त्या क्षणापासून ती सृष्टीला चिकटूनच राहिली. सृष्टी हात धुवायला गेली तरी ही मागे. नाथाभाऊंना वाटलं, आईची माया. त्यांनी मनात हिशेब मांडला. मंगळवार संपत आला, बुधवारपासून तरी घरी.

कसलं काय. मनमाडहून त्यांच्या धाकट्या बहिणीचा, ललिताचा फोन आला.

"दादा, देवळ्याहून नाशिकला जाताना मनमाड लागत नाही, हे मला पण माहितीये. पण लागलं असतं तर थांबला असतास ना?"

"थांबलोच असतो."

"बस. मग थांब."

यावर कोणाचं काही चालेल का? मनमाडला ललिताच्या रेल्वे क्वार्टरमध्ये बुधवारी जेवण झालं. निघताना समजलं की ते जेवण चहाच्या आधीचं होतं आणि चहानंतरचं वेगळं आहे. नाथाभाऊंनी रात्री घरी येऊन वहीत प्रथमच मराठी शब्द घातला. चहा. पुढे रकाने आखले. चांदवड, पुरणपोळी. देवळा, मांडे आणि मुक्काम. मनमाड, दोन जेवणं.

गुरुवारी सकाळी सृष्टीचं पोट खरोखरच बिघडलं. नाथाभाऊंनी शनिवारी मारलेली थाप गुरुवारी खरी झाली. दोन दिवस ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून ताकभात खात होती आणि नाथाभाऊ दारातून डोकावून जात होते. एकदा त्यांनी तेजस्विनीला म्हटलं, "तू जरा पड, मी बसतो हिच्याजवळ."

"नको पप्पा, तुम्हाला तिचं कळायचं नाही," तेजस्विनी म्हणाली.

नाथाभाऊंच्या अगदी ओठांवर आलं होतं की कळतं, दोन वर्षं झाली शिकतोय. पण त्यांना ते असं कोपऱ्यात सांगायचं नव्हतं. सृष्टी पहिलं वाक्य बोलेल, आपण उत्तर देऊ, तेजस्विनी थक्क होईल आणि बूर्रोच्या वेळी हसली होती तशी हसेल, असं त्यांनी किती रविवार मनात रंगवलं होतं. ते गच्चीवर गेले आणि वही उघडून बसले. शनिवार उरला होता. शनिवारी पोरगी बरी असेल, कुठे जायचं नाही, कोणाचं बोलावणं नाही.

शनिवारी सकाळी दहाला दाराशी पिकअप थांबली. मागे गोरक्षदादांचं सगळं कुटुंब आणि कांद्याची एक गोणी. पाच मिनिटांनी चांदवडची जीप. मनमाडचे लोक बसने सीबीएस स्टँडला उतरून दोन रिक्षा करून आले. माणसं मोजली तर एकतीस.

"हे काय?" सिंधुबाई दारातच म्हणाल्या.

"तुम्हीच बोलावलं ना ताई," मंगलाबाई म्हणाल्या. "दाजी म्हणाले, शनिवारी या."

सिंधुबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नाथाभाऊ भिंतीकडे बघायला लागले. खरं होतं. कोणाच्या घरी एवढं खाल्ल्यावर उंबऱ्यात चपला घालताना "आता तुम्ही या आमच्याकडे" असं म्हणावंच लागतं. ते म्हणायचं म्हणून म्हणायचं असतं, ऐकणाऱ्यानेही "येऊ की" म्हणून सोडून द्यायचं असतं. पण चांदवडला मंगलाबाईंनी "कधी?" विचारलं आणि नाथाभाऊंच्या तोंडून शनिवार निघाला, कारण त्यांच्या डोक्यात आठवडाभर तोच एक वार मोकळा होता. देवळ्याला गोरक्षदादा म्हणाले, "चांदवडवाले शनिवारी येणार, मग आम्ही कधी?" मनमाडला तर ललिताने विचारलंच नाही. तिने ग्रुपवर वाचलं होतं.

झालं. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. शेजारच्यांचा कुकर आला, समोरच्यांची पातेली आली. हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरून बायका चिरायला बसल्या. विळ्या घेऊन दोघीजणी कांद्याला लागल्या आणि तेजस्विनीपुढे ताट आणि काकडीची पिशवी आली. चार दिवसांनी पहिल्यांदा तिला सृष्टीपासून दूर बसावं लागलं, कारण तिच्या दोन्ही बाजूंना मावशी आणि आत्या होत्या आणि समोर गोणी होती. सृष्टीला कोणी मांडीवर घेत होतं, कोणी गाल ओढत होतं, आणि ललिता हातात लाडू घेऊन "एकच" म्हणत तिच्या मागे फिरत होती.

"अहो, गच्चीवरच्या सतरंज्या आणा," सिंधुबाई म्हणाल्या. "पंगत कुठे बसवायची?"

नाथाभाऊ जिना चढले. फार वाईट वाटत होतं त्यांना. दोन वर्षं एका तासासाठी घासली आणि तो तास आपल्याच तोंडाने एकतीस जणांत वाटून टाकला. उद्या पहाटे गाडी. पुढचं येणं कधी, कोणाला माहीत. त्यांनी खोलीतल्या सतरंज्या काढल्या, झटकल्या आणि वळले, तेवढ्यात काळ्या फोनची घंटी वाजली.

चहा असेल, म्हणून त्यांनी उचलला.

"हेय, मोर्फार," फोनमधून बारीक आवाज आला. "ह्योर दू मेय?"

मोर्फार म्हणजे आईचे बाबा. ह्योर दू मेय म्हणजे, तुला ऐकू येतंय का? लाडू चुकवायला सृष्टी जिन्याखाली घुसली होती आणि तिथे फोन होता.

नाथाभाऊ सतरंज्यांवरच बसले. नोकरीत चौतीस वर्षं या वाक्याला ते एकच उत्तर देत आले होते. आज ते त्यांनी स्वीडिशमध्ये दिलं. "ऐकू येतंय. बोल."

आजोबा स्वीडिश बोलतात याचं सृष्टीला काडीचंही नवल वाटलं नाही. तिने श्वास घेतला आणि बोलायला लागली. नाथाभाऊंना निम्मं कळलं, निम्मं सुटलं, पण या लाइनवर मध्ये कोणी नव्हतं. आधी लाडूंची तक्रार झाली. मग देवळ्याच्या गायीने हात चाटला ते झालं. मग ती म्हणाली की तुम्ही मोबाइलमधून गेलात ना, की मम्मा बाथरूममध्ये जाते आणि नळ सोडते. बाहेर येते तेव्हा डोळे लाल असतात. मी विचारलं तर म्हणते, काही नाही, ल्योक. ल्योक चिरला.

"पण मोर्फार," सृष्टी म्हणाली, "आमच्या घरात एका रविवारी तर ल्योक नव्हताच. आम्ही पिझ्झा मागवला होता."

नाथाभाऊंनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"मी तुला फोनवर सांगितलं. खूपदा सांगितलं. तू हसलास आणि म्हणालास, ल्योक, ल्योक. आणि आबांनी मला अजून ल्योक दिला."

खाली कोणीतरी मोठ्याने हसलं. सृष्टी थांबून वाट बघत होती. नाथाभाऊंनी डोक्यात होतं नव्हतं ते सगळं स्वीडिश धुंडाळलं. बूर्रो, गाम्बा, ग्लास, बार्न, सगळं होतं, आणि हवा होता तो एकही शब्द नव्हता. शेवटी ते एवढंच म्हणू शकले, "आता ऐकलं, माझ्या बाणा. आता ऐकलं."

"ब्रा," सृष्टी म्हणाली. स्वीडिशमध्ये याचा अर्थ छान. "मी ठेवते. लाडूवाली आली."

फोन बंद झाला. नाथाभाऊ रिसीव्हर हातात धरून बसून राहिले. त्यांना रडू आलं. पोरीला आपली आठवण येते याचं बरं वाटावं, की इतकी वर्षं ती एकटी नळ सोडून रडते याचं वाईट वाटावं, हे त्यांना ठरवता येईना. दोन्ही एकदमच होत होतं. समोर वही उघडी होती. ल्योक या शब्दापुढे एकच अर्थ लिहिलेला होता, कांदा. त्यांनी पेन उचललं आणि पुन्हा ठेवून दिलं.

"अहो, सतरंज्या," खालून हाक आली.

ते तोंड धुऊन खाली आले. सृष्टीला ललिताने गाठलं होतं आणि लाडू अर्धा संपला होता. हॉलमध्ये तेजस्विनी अजून काकडी चिरत होती. जिन्याखालची जागा तिला तिथून दिसत असावी, कारण तिचं लक्ष चिरण्यात नव्हतं. नाथाभाऊंनी तिच्या शेजारी सतरंजी टाकली.

"पप्पा," ती हळू आवाजात म्हणाली, "सृष्टी फोनवर होती ना तुमच्याशी? एवढा वेळ काय बोलत होती?"

नाथाभाऊंनी सतरंजीचा कोपरा नीट केला.

"काही नाही," ते म्हणाले. "शाळेचं सांगत होती."

विळीवरचा तेजस्विनीचा हात थांबला. मग तिने ओढणीने डोळे पुसले.

"कांदा फार झोंबतोय," ती म्हणाली.

नाथाभाऊंनी तिच्या ताटात पाहिलं. ताटात काकडी होती.

"झोंबणारच," ते म्हणाले आणि तिच्याजवळ मांडी घालून बसले. "देवळ्याचा आहे."